सदरा जुना, विजार नवी

बाटलीभाऊंच्या अंगाला स्पिरिटचा वास यायचा, आणि त्यांनी तो कधी लपवला नाही. लपवला असता तरी लपला नसता. संध्याकाळच्या बसमध्ये ते चढले की शेजारचा माणूस आधी त्यांच्याकडे बघायचा, मग घड्याळाकडे, आणि मग ‘इतक्या लवकर?’ असा चेहरा करून खिडकीबाहेर तोंड फिरवायचा. लग्न ठरायच्या वेळी मुलीचे वडील चौकशीला गेले, तेव्हा शेजाऱ्यांनी खरं तेच सांगितलं होतं: "माणूस सरळ आहे हो. दिवसभर बाटल्यांत असतो." लग्न त्या एका वाक्यामुळे आठ महिने लांबलं. सासूबाईंचं मत अजूनही पूर्ण बदललेलं नव्हतं, आणि त्या आता मुलीजवळच राहायला आल्यामुळे ते मत रोज ताजं मिळायचं.

भाऊ नोकरीला होते एका समुद्रसंशोधन संस्थेच्या तळघरात. वर प्रयोगशाळा, जिन्यात जुन्या संचालकांचे फोटो, आणि खाली एकवीस हजार बाटल्या. प्रत्येक बाटलीत समुद्रातून काढलेलं कुणी ना कुणी: खेकडा, झिंगा, कृमी, नाहीतर काय आहे ते कुणालाच न कळलेलं. स्पिरिट उडून जातं, ते पुन्हा भरायचं. पुसट झालेल्या चिठ्ठ्या नव्याने लिहायच्या. बोटीवरून आलेले स्पंज बादलीत पिळून धुवायचे आणि त्यांच्या भोकांत राहणारे बारीक जीव चाळून वेगळे काढायचे. असं हे काम.

त्यातही भाऊंचा खरा जीव जडला होता तो समपादांवर. ओली कुंडी उचलली की खालून चपटे, राखाडी, पुष्कळ पायांचे किडे पळतात ना, त्यांचे हे समुद्रातले चुलत भाऊ. पायांच्या सात जोड्या, सगळे पाय सारखे, म्हणून समपाद. बहुतेक तांदळाच्या दाण्याएवढे, काही त्याहून लहान. वहिनी म्हणजे भाऊंची बायको म्हणायची, "यांच्या नजरेत भरायचं तर माणसाला चौदा पाय हवेत."

नव्याने येणाऱ्या प्रत्येक विद्यार्थ्याला भाऊ एक ठरलेलं व्याख्यान द्यायचे. "बाकीची कवचवाली मंडळी कात टाकतात ती एकदम. सगळं कवच उतरवलं, झालं. समपाद लाजरा. तो आधी मागचं अर्धं अंग बदलतो, दोन-तीन दिवस थांबतो, मग पुढचं. म्हणजे कसं, आधी विजार बदलायची, सदरा तोच ठेवायचा. चारचौघांत उघडं पडायचं नाही." मुलं हसायची. चौतीस वर्षांत भाऊंनी या विनोदातला एक शब्द बदलला नव्हता.

त्या मुलांतलीच एक पुढे विभागप्रमुख झाली. ब्रश कसा धरायचा, दोन केसांच्या टोकाने किडा कसा उलटा करायचा, हे तिला भाऊंनीच शिकवलं होतं. आता तिला सगळे ‘बाई’ म्हणत, भाऊसुद्धा. बाईंच्या नावावर एक प्रजाती होती. एकोणीस वर्षांपूर्वी त्यांनी एका समपादाचं वर्णन छापलं होतं, त्याचं शास्त्रीय नाव ‘रुंद बुडाचा’ अशा अर्थाचं. त्यावर त्यांना पदवी मिळाली, पदवीवर खुर्ची. या नावावरून पाठीमागे काय काय विनोद व्हायचे ते लिहिण्यासारखे नाहीत, पण व्हायचे. आणि मजा अशी की एकोणीस वर्षांत त्या रुंद बुडाच्याचा दुसरा नमुना जगात कुणालाही सापडला नव्हता. त्यामुळे तो फारच दुर्मीळ समजला जायचा, आणि बाईही.

या धंद्यातली गंमत ही की नव्या प्रजातीचं वर्णन जो करतो, त्याचं नाव तिच्या नावामागे कायमचं लागतं. माणूस जातो, संस्था बंद पडते, किडासुद्धा समुद्रातून नाहीसा होतो, पण यादीत नाव राहतं. भाऊंच्या बाटल्यांतून तेहतीस नव्या प्रजाती निघाल्या होत्या. तेहतीसच्या मागे तेहतीस ठिकाणी दुसऱ्यांची नावं. भाऊ असायचे ते शेवटच्या पानावर, आभारात. एकदा तर तिथेही छापखान्याने ‘बाटल्यांबद्दल आभार’ एवढंच ठेवलं आणि भाऊंचं नाव गाळलं. निवृत्तीला चौदा महिने उरले होते. त्यानंतर कपाटांची किल्ली परत करायची होती. भाऊंना फार काही नको होतं. आपल्या नावाची एक प्रजाती हवी होती. एकच.

आणि एका मंगळवारी, एका पिवळ्या स्पंजाच्या भोकातून, ती आली.

साडेतीन मिलिमीटर. पुढचा भाग अरुंद, काळसर, खरबरीत. आणि चौथ्या खंडानंतर, म्हणजे कवचाच्या चौथ्या वळ्यानंतर, अंग एकदम रुंद, फिकट, तुकतुकीत. भाऊंनी बैठकीवरून उठून हात धुतले, परत बसले, परत बघितलं. सगळी पुस्तकं काढली. कशातच बसेना. ते धावतच वर गेले. इतक्या वर्षांत तळघरातून धावत कुणी वर आलं की आग लागली असं समजायची पद्धत होती, त्यामुळे दोघं-तिघं आधी बाहेर पळाले.

बाईंनी मायक्रोस्कोपमधून बघितलं आणि त्यांचा चेहरा उजळला. "भाऊ, हा तर माझ्या रुंद बुडाच्याचा नातेवाईक."

"मलाही तसंच वाटलं. पण बोललो नाही. म्हटलं, तुमच्या तोंडून येऊ दे."

"लिहा तुम्ही. तुमचं नाव लावून. बास झाले आभार."

मग पाच महिने घरचं जेवणाचं टेबल गेलं. संस्थेत भाऊ किड्याचे एकेक पाय सोडवून, मायक्रोस्कोपला जोडलेल्या आरशातून कागदावर उतरवून घ्यायचे, आणि घरी येऊन ती चित्रं काळ्या शाईने पक्की करायचे. जेवण मांडीवर. नव्या प्रजातीचं वर्णन म्हणजे दागिन्यांच्या चोरीची फिर्याद असते. काहीही सुटता कामा नये. डोळे: दोन. मिशा: दोन जोड्या, त्यातली एक आखूड. तिसऱ्या पायाच्या आतल्या बाजूला केस सतरा. उजव्या पायाला सोळाच होते म्हणून भाऊ दोन दिवस अस्वस्थ होते. पुढे पुढे त्यांना माणसंही तशीच दिसायला लागली. एकदा सासूबाई दारातून आत आल्या तर भाऊंच्या तोंडून सहज निघालं, "शरीर लंबगोल, कडा अखंड, पृष्ठभाग खरबरीत." वहिनीने तोंडातल्या टाचण्या आवंढ्याबरोबर गिळल्या नाहीत हे नशीब.

कारण वहिनी कपडे दुरुस्त करायची. शिवत नव्हती, दुरुस्त करायची. लोकांचे सैल झालेले, तंग झालेले, फाटलेले कपडे तिच्याकडे यायचे. तोंडात कायम टाचण्या, त्यामुळे बोलणं कमी आणि ओठांच्या एका कोपऱ्यातून. पण बोलली की टाचणीच.

नाव काय ठेवायचं हा प्रश्न आला. स्वतःचं नाव स्वतःच्या किड्याला द्यायचं नाही, असा या लोकांचा संकेत. भाऊ लाजत म्हणाले, "तुझं देऊ या का?"

"केवढा आहे?"

"साडेतीन मिलिमीटर."

"आणि त्याला रुंद काय म्हणताय?"

"मागची बाजू. पण ते शास्त्रीय अर्थाने गं."

वहिनीने एक टाचणी काढून उशीत खुपसली. "छापून येणार ना हे? मला नको."

हे पलीकडच्या खोलीत ऐकू गेलं. सासूबाई बाहेर आल्या. "जावईबापू, तिला नको तर माझं द्या. मला कुणी विचारलेलंच नाही."

नाही म्हणायची सोय नव्हती. सासूबाईंनी रीतसर चौकशी केली. चावतो का? नाही. घाण खातो का? नाही. राहतो कुठे?

"स्पंजात," भाऊ म्हणाले. "म्हणजे दुसऱ्याच्या घरात. आयतं मिळतं, तिथेच खातो, बाहेर म्हणून पडत नाही."

सासूबाई तीन दिवस बोलल्या नाहीत. भाऊंना कारण चौथ्या दिवशी कळलं, तोवर तीन दिवस सुखाचे गेले होते. शेवटी नाव त्यांचंच लागलं, आणि मग त्यांनी ते इमारतीत सगळ्यांना सांगितलं. खालच्या मजल्यावरचा चष्मेवाला त्यांना विचारू लागला, "काय म्हणतोय तुमचा किडा?" त्या म्हणायच्या, "परीक्षकाकडे गेलाय."

खरोखर गेला होता. लेख पाठवला की तो दोन परीक्षक वाचतात, आणि ते कोण हे लेखकाला कळत नाही. पहिल्याने लिहिलं, ‘छान.’ क्रमांक दोनने चार पानं लिहिली. इतकं बारीक चित्रकाम त्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं. केस मोजल्याबद्दल विशेष कौतुक. आणि शेवटी म्हटलं होतं: बाईंचा रुंद बुडाचा आणि हा नवा, दोघांचीही चौथ्या खंडानंतरची ठेवण जगावेगळी आहे. नुसती नवी प्रजाती कसली, या दोघांसाठी नवं घराणंच स्थापन करा.

निवृत्तीला चार महिने होते. बाईंनी विभागात सगळ्यांना गोड खाऊ घातलं. भाऊ पत्र खिशात घालून घरी आले, आणि नव्या घराण्याला शोभेल असं मोठं चित्र हवं म्हणून कागदाला कागद चिकटवून हातभर लांबीचा समपाद काढायला बसले. आठवड्याने चित्र पूर्ण झालं. शाई वाळायला टेबलावर पसरून ठेवलं होतं. वहिनी कुणाच्या तरी कोटाची बाही घेऊन बाजूने गेली, थांबली, मागे आली.

"हे एका कापडाचं नाही."

"काय?"

"हे. तुमचं." तिने बाही खांद्यावर टाकली आणि बोट ठेवलं. "वरचा सदरा जुना आहे. विटलाय, कडा झिजल्यात, इथे दोन केस तुटलेत. खालची विजार नवी. कोरी. अजून ताणलेलीसुद्धा नाही. आणि ही इथे शिवण."

बोट चौथ्या आणि पाचव्या खंडाच्या मधोमध होतं.

"अगं, ते त्याचं वैशिष्ट्य आहे," भाऊ म्हणाले. "त्यावरच तर..."

आणि थांबले. वहिनी कोटाची बाही घेऊन आत गेली. तिचं बोलून झालं होतं.

भाऊंनी चित्र जवळ ओढलं. सदरा, विजार. चौतीस वर्षं, वर्षाला दोन-चार मुलं, प्रत्येकाला तोच विनोद. लोकां सांगे ब्रह्मज्ञान ते असं. हा नवा कुणी नव्हताच. कपडे बदलता बदलता अर्ध्यावर पकडला गेलेला एक साधा, रोजचा समपाद होता. बिचारा सदऱ्याची बटणं सोडायच्या आधी स्पिरिटमध्ये पडला, आणि त्याच्यावर चौदा पानं लिहून झाली.

सासूबाईंना सांगावं लागलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "हे आणखी कुणाला कळलंय?"

"तुमच्या मुलीला."

"ती बोलत नाही. येऊ द्या छापून. नंतर काय ती दुरुस्ती करा."

भाऊंना हे अजिबात पटलं नाही असं म्हणणं खोटं ठरेल. दोन दिवस ते पटलंच होतं. परीक्षक फसला, बाई फसल्या, पुढे कोण बघतंय? चार महिन्यांनी किल्ली द्यायची आणि घरी यायचं, नाव यादीत. जेवताना ते वहिनीला म्हणाले, "क्रमांक दोनला काही कळलं नाही बघ. मोठा माणूस असणार."

"माझ्याकडे पण येतात," वहिनी म्हणाली. "खांदा चुकलेला असतो माझा, ते आरशात बघून खूश. पैसे ठेवून जातात."

"मग?"

"मग काय. हाक मारते, उसवते."

तिसऱ्या दिवशी भाऊ चित्राची गुंडाळी काखेत घेऊन बाईंच्या खोलीत गेले.

"बाई, माझा लेख मागे घ्यायचाय."

"का हो? सासूबाईंच्या नावावरून काही?"

"नाही, त्या तयार आहेत. किडा तयार नाही." त्यांनी चित्र उलगडलं आणि वहिनीने ठेवलं होतं तिथेच बोट ठेवलं.

बाई वाकल्या. बराच वेळ वाकलेल्याच राहिल्या. "कात," त्या म्हणाल्या.

"अर्धी."

"आपल्या दोघांना हे दिसू नये?"

"तुम्ही माझं व्याख्यान ऐकलंय, बाई. मी ते दिलंय. दोघांत जास्त गाढव कोण, ते ठरवायला क्रमांक तीन नेमावा लागेल."

बाई हसल्या, आणि हसताहसता थांबल्या. त्यांची नजर कोपऱ्यातल्या कुलुपाच्या कपाटाकडे गेली. त्यात मूळ नमुने असतात, लाल चिठ्ठीचे.

"भाऊ."

"हं."

"माझ्याचीही रुंदी चौथ्या खंडानंतरच सुरू होते."

"म्हणून तर मी स्वतः आलो. माझ्यापुरतं असतं तर चिठ्ठी पाठवली असती."

बाईंनी कपाट उघडलं. एकोणीस वर्षं जपलेला रुंद बुडाचा काचेच्या वाटीत काढला आणि मायक्रोस्कोपला डोळे लावले. चहा आला, गार झाला, त्यावर साय धरली. भाऊ खुर्चीच्या कडेवर बसून होते. स्वतःचा किडा मेला तेव्हा त्यांना इतकं वाईट वाटलं नव्हतं. आपला गेला तर आपला गेला. दुसऱ्याच्या घरात शिरून त्याचाही घेऊन जायचा, हे काही बरं नव्हे.

"एकोणीस वर्षांत दुसरा का सापडत नव्हता, आत्ता कळलं," बाई मायक्रोस्कोपवरून न उठता म्हणाल्या.

"दोन-तीन दिवसच दिसतो तसा. मग सदरा बदलला की नेहमीचा."

"नेहमीचा म्हणजे कोणता?"

"दारामागच्या फळीवरचा. दोनशे बारा आहेत. माझाही तोच."

"मी त्याच्या दुर्मीळपणावर तीन परिषदांत बोललेय. एकदा पाऊण तास."

"छान बोलला होतात. मी दिवे लावायला होतो."

बाई सरळ झाल्या. "आणि माझ्या लेखातलं चित्र कुणी काढलं होतं?"

"मीच. शिवणसुद्धा काढली आहे त्यात, अगदी ठळक. काल रात्री जेवायच्या आधी बघितली."

"तुम्ही माझी प्रजाती मारलीत, भाऊ."

"ती जन्मलीच नव्हती, बाई. नाव तेवढं ठेवलं होतं."

यावर बाई रागावतील असं भाऊंना वाटलं होतं, आणि त्या रागावल्याही. त्यांनी भाऊंना बाहेर काढलं. खोलीचं दार दुपारभर बंद होतं. बाहेर कारकुनांत दोन तट पडले. एक म्हणे, बाई आता वाटी फोडणार. दुसरा म्हणे, भाऊंना बडतर्फीचं पत्र मिळणार. चार वाजता दार उघडलं, बाईंनी भाऊंना हाक मारली आणि त्यांच्यापुढे कोरा कागद सरकवला.

"लिहा. दोन्ही एकदम. रुंद बुडाचा अमान्य, कारणासहित. तुमचं नाव पहिलं."

"तुमचं पहिलं हवं. तुम्ही मोठ्या."

"मारणाऱ्याचं पहिलं, मेलेल्याच्या आईचं दुसरं. उगाच वाद घालू नका."

दीड पानाची टीप झाली. ती छापून आली भाऊंच्या निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात. जगातल्या सगळ्या समपादांची जी यादी असते, तिच्यात रुंद बुडाच्यापुढे आता कंसात लिहिलेलं आहे: अमान्य. आणि त्यापुढे भाऊंचं नाव. म्हणजे भाऊ यादीत आले, कायमचे आले. फक्त जो प्राणी नाहीच, त्याच्यामागे. तेहतीस जणांनी जगात एकेक प्रजाती वाढवली होती. भाऊंनी एक कमी केली.

सासूबाईंना ते समजावून सांगायला अर्धा तास लागला. "म्हणजे मी छापून येणार नाही."

"नाही, आई."

"आणि त्या तुमच्या बाईंचा किडा?"

"तोही गेला."

"मग ठीक आहे," असं म्हणून त्या चष्मेवाल्याला सांगायला खाली गेल्या.

भाऊंनी किल्ली दिली, सही केली, घरी आले. तीन आठवडे ते गॅलरीत बसून रस्त्यावरच्या माणसांचे पाय मोजत होते. मग एक जाडजूड पाकीट आलं. पत्राखाली सही होती, आणि पहिल्या ओळीत कबुली होती की आपण क्रमांक दोन. त्याने लिहिलं होतं की ती टीप वाचल्यापासून त्याला झोप नाही. स्वतःच्या सहा प्रजाती त्याने कपाटातून काढून बघितल्या, आणि आता कुठलीच धड वाटत नाही. त्यातल्या चार सोबत पाठवत होता. कृपया बघाव्यात. आत कापसात गुंडाळलेल्या चार नळ्या होत्या.

भाऊंनी बाईंकडून जुना मायक्रोस्कोप मागून आणला. चित्रं काढली, टेबलावर पसरली. वहिनी टाचण्या तोंडात धरून टेबलाभोवती फिरली. "ही विजार नवी. हीपण. हा धड आहे. ही नवी." तीन गेल्या.

त्यानंतर बोलबाला झाला. दोन वर्षांत भाऊंनी अकरा प्रजाती मारल्या. प्रत्येक टिपेखाली आभारात वहिनीचं नाव, ‘वस्त्रपरीक्षणाबद्दल’. एक प्राध्यापक तर भाऊंचं पाकीट आलं की न उघडता पुस्तकात ठेवतो, असं बाई सांगत होत्या. पोस्टमन विचारतो, "आज काय?" भाऊ म्हणतात, "बघू, आहे की नाही ते."

परवा एक नळी आली, कुणा तरुण मुलीने पाठवलेली. तिची पहिलीच प्रजाती, एकच नमुना, पत्रात अक्षर घाबरलेलं. भाऊंनी उत्साहाने चित्र काढलं. मागचा भाग रुंद होता, फिकट होता. वहिनीने बघितलं. पुन्हा बघितलं. भिंग घेतलं.

"एका कापडाचं आहे," ती म्हणाली.

"नीट बघ. चौथ्या-पाचव्याच्या मध्ये?"

"शिवण नाही. अखंड. खरंच रुंद आहे हा."

भाऊंचा चेहरा पडला. त्यांनी स्वतः एक तास बघितलं. शिवण नव्हती. त्यांनी पेन उघडलं, बंद केलं, पुन्हा उघडलं.

"काय लिहू हिला?"

"जे आहे ते," वहिनी म्हणाली. "आणि जरा हसून लिहा."

भाऊंनी लिहिलं की तुमची प्रजाती खरी आहे, अभिनंदन. वाचून बघितलं. मग जड हाताने खाली आणखी एक ओळ घातली, की तिसऱ्या पायाचे केस मात्र पुन्हा एकदा मोजून घ्यावेत.